आधी डोंगर कापायचा, मग ‘ग्रीन’ घर बांधायचं?

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मध्ये स्टेशनपासून सतरा सेक्शनच्या दिशेने निघालं की प्लॉटच्या जाहिरातीचा एखादा तरी बोर्ड दिसतोच. बदलापूरच्या पुढे, वांगणीकडे, बारवीच्या रस्त्याला, मुरबाडच्या अंगाला. डोंगराच्या कुशीत, एन.ए. (बिगरशेती) झालेला, गुंठ्याच्या भावाने. अलीकडे त्यात एका वचनाची भर पडली आहे: घर ‘ग्रीन’ असेल आणि वीजबिल शून्य येईल.

वचनामागची कृती सगळीकडे सारखीच असते. जमीन उताराची आहे? हरकत नाही, जेसीबी लावून सपाट करून देतो. त्यावर नेहमीचा आरसीसी सांगाडा, वर सपाट स्लॅब, दरीच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, गच्चीवर सोलर पॅनल, आत फाइव्ह स्टार एसी आणि एलईडी दिवे. झालं ऊर्जाबचतीचं घर.

ही मांडणी फक्त प्लॉटवाले करत असते तर दुर्लक्ष करता आलं असतं. शिकलेसवरलेले घरमालक, ठेकेदार आणि काही आर्किटेक्टही ती करतात, म्हणून तिचा प्रतिवाद करावा लागतो. उताराच्या जमिनीवरचं घर पुढे किती ऊर्जा खाणार, हे पॅनल बसवताना ठरत नाही. जेसीबीचं बकेट पहिल्यांदा मातीत घुसतं, तेव्हाच त्यातलं बरंचसं ठरून गेलेलं असतं. उतार हा त्या जमिनीचा दोष नव्हे. वारा, सावली, पाण्याचा निचरा आणि वरून खाली वाहण्याची सोय, या चार गोष्टी तो फुकट देतो. सपाटीकरण करणारा माणूस पैसे मोजून या चारही गोष्टी घालवतो आणि मग त्या परत मिळवायला यंत्रं विकत घेतो.

कॅम्पातल्या माणसाला डोंगरात घर हवंसं वाटतं, याची थट्टा मला करायची नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ छावणी आखली आणि दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या केल्या. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबं त्या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसाने चार झाडं आणि मोकळा वारा मागितला तर त्यात गैर काहीच नाही. पण याच छावणीने आपल्याला एक सवयही लावली: जमीन म्हणजे सपाट चौकोन, चौकोनाला नंबर, नंबरावर खोली. लष्कराला मैदान हवं होतं, त्यांनी मैदान निवडलं. आपण डोंगर निवडतो आणि त्याचं मैदान करायला बघतो.

आता हिशोब करू. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर, चौकोनी धरला तर साडेबावीस मीटर बाजूचा तुकडा. उतार सहास एक धरू. हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार बांधकामच काय, जमीन कापणं, सपाट करणं आणि भराव टाकणंही मना आहे. सहास एक उतारावर वरच्या आणि खालच्या कडेत पावणेचार मीटरचा, म्हणजे बारा फुटांचा फरक पडतो. सगळा तुकडा सपाट करायचा तर वरचा अर्धा भाग कापून खालच्या अर्ध्यावर टाकावा लागतो. ती माती भरते सुमारे २४० घनमीटर. वजनात चारशे टनांच्या वर. शिवाय वर एक आणि खाली एक अशा दोन संरक्षक भिंती, प्रत्येकी साडेबावीस मीटर लांब आणि जवळपास माणसाच्या उंचीच्या.

या भिंतींत सिमेंट आहे, सळई आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. जेसीबी तासाला पाच-सहा लिटर डिझेल पितो आणि एक लिटर डिझेलमध्ये ढोबळमानाने दहा युनिट ऊर्जा असते. घराची पहिली वीट बसायच्या आधीच हा सगळा खर्च होऊन जातो. तो महावितरणच्या बिलावर कधीच येत नाही, म्हणून शून्य बिलाची जाहिरात करणाऱ्याला तो दिसत नाही.

आता त्याच उतारावर तेवढंच घर दुसऱ्या तऱ्हेने मांडू. घर चौकोनी न ठेवता लांबट करायचं, १५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे ९० चौरस मीटर, साडेनऊशे चौरस फुटांच्या वर. त्याची लांबी उताराला आडवी, एकाच पातळीच्या रेषेवर ठेवायची. सहा मीटर रुंदीत उतार फक्त एक मीटर उतरतो. हा एक मीटर जोत्यात सामावतो: वरच्या बाजूला जोतं वीत-दीड वीत उंच, खालच्या बाजूला कमरेच्या वर. जोत्यात साठेक घनमीटर भर लागते. संरक्षक भिंत एकही नाही. सगळं घर एका पातळीवर, आत एकही पायरी नाही. कोकणातली जुनी घरं अशीच उंच जोत्यावर उभी असायची.

इथे हमखास प्रश्न येतो: मग शेतकऱ्यानेही डोंगर कापूनच भातखाचरं केली ना? केली. मुरबाड-बदलापूर पट्ट्यात कुणबी, आगरी, ठाकूर शेतकऱ्यांची खाचरं उतारावरच आहेत. पण ती नीट बघा. प्रत्येक खाचर समपातळीच्या रेषेने वळतं, दोन खाचरांमधला बांध गुडघा-मांडीएवढा असतो आणि जादा पाणी खालच्या खाचरात उतरायला वाट ठेवलेली असते. एका पायरीत बारा फूट उतरणारं खाचर कोणी बांधत नाही, कारण पहिल्याच आषाढात ते खाली येईल हे त्याला माहीत असतं. शेतकऱ्याचा दाखला जेसीबीच्या बाजूने देणाऱ्यांनी शेतकऱ्याचं काम पाहिलेलं नाही.

पाण्याकडे येऊ, कारण या भागात उताराचा खरा मालक पाऊसच आहे. बदलापूर पट्ट्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस होतो आणि तो चार महिन्यांत होतो. खाली अभेद्य काळा बेसॉल्ट, वर मुरूम आणि मातीचा थर. पाणी मातीतून झिरपून खडकावर येतं आणि खडकाच्या पाठीवरून उतारानेच वाहत राहतं. त्या वाटेत आपण भिंत घातली आणि तिला पाणी बाहेर पडायला भोकं आणि मागे खडीचा थर ठेवला नाही, तर पाणी तिच्यामागे तुंबतं. तीन मीटर उंचीची भिंत असेल तर नुसत्या पाण्याचा रेटा दर रनिंग मीटरला साडेचार टनांच्या आसपास जातो. मातीचा त्याहून वेगळा. ठेकेदार भिंत बांधतो जानेवारीत आणि पैसे घेतो मार्चमध्ये. भिंतीची परीक्षा होते जुलैत.

दुसरं नुकसान हळू होतं. सपाट केलेल्या जागेवर अर्धं घर कापलेल्या पक्क्या मुरमावर उभं राहतं आणि अर्धं ताज्या भरावावर. भराव थराथराने पाणी मारून दाबला नसेल तर तो पुढचे काही पावसाळे बसत राहतो. पक्की बाजू हलत नाही, भरावाची बाजू खचते, आणि तडा बरोबर मधोमध जातो. मग त्या तड्यातून ओल येते, प्लास्टर पडतं, दुरुस्ती निघते. दर काही वर्षांनी सिमेंट खाणाऱ्या घराला ऊर्जाबचतीचं घर कसं म्हणायचं?

दरडींची नावं इथे कुणीतरी घेणारच, म्हणून ती जपून घेतो. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी. कुणा बंगलेवाल्याने प्लॉट कापला म्हणून ही गावं गेली, असं सांगणं खोटं ठरेल. त्या दरडी मोठ्या डोंगराच्या होत्या, कारणंही एकाहून अधिक होती. पण त्यांनी एक गोष्ट सगळ्या सह्याद्रीला दाखवली: सलग अतिवृष्टीत माती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते, आणि तिला आधार देणारा पायथा कमजोर असेल तर ती थांबत नाही. जो प्लॉट सपाट करण्यासाठी वरच्या डोंगराचा पायथा कापावा लागतो, तो प्लॉट घेऊ नये. ऊर्जेचा हिशोब नंतरचा.

आता घराच्या आत येऊ. काचेच्या भिंतीचं समर्थन करताना युरोप-अमेरिकेतल्या उतारावरच्या घरांचे फोटो दाखवले जातात. तिथे हिवाळा हा शत्रू आहे. दक्षिणेला मोठी काच लावून सूर्य घरात ओढणं तिथे शहाणपणाचं आहे. उल्हासनगर आहे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर. इथे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. जूनमध्ये तर तो दुपारी किंचित उत्तरेला कलतो. म्हणजे सर्वांत तापलेल्या मे महिन्यात दक्षिणेची भिंत दुपारी जवळजवळ सावलीत असते आणि सगळा मार छपरावर पडतो. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा काढला तरी मार्च-सप्टेंबरच्या भरदुपारी त्याखालची पावणेदोन मीटर भिंत झाकली जाते. पश्चिमेला मात्र असा छज्जा कुचकामी आहे, कारण चार-पाच वाजताचं ऊन तिरकं थेट आत शिरतं. साधी पारदर्शक काच आपल्यावर पडलेल्या उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते. पश्चिमेला काचेची भिंत करून मग एसी लावणं म्हणजे चूल पेटती ठेवून पंख्याने घाम पुसणं आहे.

इथे आपल्या भूगोलाचा एक फरक फार उपयोगी पडतो, आणि प्लॉट विकणारे नेमका तोच सांगत नाहीत. अंबरनाथ-बदलापूरच्या पश्चिमेला मलंगगडापासून चंदेरीवरून माथेरानकडे जाणारी रांग आहे. तिचा आपल्याकडचा उतार पूर्वेला, उल्हास नदीच्या खोऱ्याकडे उतरतो. त्या उतारावर संध्याकाळचं ऊन डोंगराआड लवकर जातं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा ही सावली कुठल्याही काचेपेक्षा आणि पडद्यापेक्षा मोलाची आहे. उलट बारवीच्या आणि मुरबाडच्या बाजूला पश्चिमेकडे उतरणारा प्लॉट मिळाला तर दरीचं दृश्य आणि जीवघेणं ऊन एकाच दिशेला येतात. पातळीच्या रेषेने घर आडवं ठेवलं तर त्याची लांब बाजूही पश्चिमेलाच येते. ही खरी अडचण आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यावरचा इलाजही जुनाच आहे: पश्चिमेला सलग आठ फुटांची पडवी, तिच्यावरून खाली उतरलेलं छप्पर, संडास-न्हाणी-कोठी त्या बाजूला, आणि पुढे पानगळ न होणारी झाडं. संध्याकाळी पडवीत बसून दरी बघायची, खोलीतून नव्हे.

छपराबद्दल आपल्याकडे एक अंधश्रद्धा आहे: पक्कं घर म्हणजे स्लॅबचं घर. उल्हासनगरकराने तरी ती बाळगू नये. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. स्लॅब वाईट नाही. वाईट काम, वाईट वाळू आणि वर्षानुवर्षांची ओल वाईट. पण स्लॅब म्हणजे आपोआप पक्कं, हे समीकरण त्या महिन्यात संपायला हवं होतं. उष्णतेच्या बाजूने बघितलं तर स्थिती आणखी स्पष्ट आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छपरातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची तिने घातलेली मर्यादा आहे दर चौरस मीटर, दर अंशाला १.२ वॅट. सहा इंची उघडा आरसीसी स्लॅब यापेक्षा अडीच-तीन पट उष्णता आत सोडतो. ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी आहे, म्हणजे आपला पाच गुंठ्यांचा प्लॉट नेमका तिच्या उंबरठ्याच्या आत येतो. ‘ग्रीन होम’ विकणाऱ्याला हा एक आकडा विचारून बघा.

आणि स्लॅबचं शेवटी होतं काय? कॅम्पात गच्च्यांवर नजर टाका. सपाट स्लॅब टाकायचा, तो गळला की वॉटरप्रूफिंग करायचं, ते दोन पावसाळ्यांत गेलं की वर पत्र्याची शेड ठोकायची. शेवटी उताराचं छप्पर आलंच, फक्त आधी सपाट छपराचे पैसे मोजून. मग सुरुवातच उताराच्या छपराने का करू नये? कौलं, त्याखाली हवा खेळेल अशी पोकळी आणि खाली फळ्यांचं किंवा सिमेंट-शीटचं सीलिंग. किंवा उतरता स्लॅब आणि त्यावर कौलं. स्लॅबच हवा असेल तर लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला फिलर स्लॅब आहे. स्लॅबच्या खालच्या भागातल्या काँक्रीटला ताण सोसायचं काम नसतं, ते सळई करते. तिथे मंगलोरी कौलं भरून काँक्रीट वाचवायचं. बेकर यांनी आयुष्याची बरीच वर्षं पिथौरागढच्या डोंगरात काढली आणि उतार न तोडता त्यावर बांधणं म्हणजे काय, हे ते तिथे शिकले. गच्ची हवीच असेल तर निदान पांढरा चायना मोझॅक लावा. काळपट गच्चीपेक्षा तो कितीतरी कमी तापतो.

आता ‘ग्रीन’ घराच्या मांडणीतला सर्वांत भारदस्त मुद्दा, सोलर. पॅनलला माझा विरोध नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान मिळतं, आणि एक किलोवॉट पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं. जरूर लावा. पण ‘वीज आपलीच आहे, मग कितीही वापरा’ हा निष्कर्ष तीन ठिकाणी फसतो. एक, दीड टनाचा एक एसी रात्रभर चालला की दहाएक युनिट जातात. दोन खोल्या धरल्या तर तीन किलोवॉटचं सगळं उत्पादन एका रात्रीत संपलं. दोन, आपल्याकडे चार महिने आभाळ भरलेलं असतं आणि डोंगराच्या सावलीतल्या प्लॉटवर तर दुपारनंतरचं ऊनही कमी मिळतं. तीन, आणि हे कोणी सांगत नाही, बॅटरी नसलेली ग्रिडला जोडलेली सोलर यंत्रणा लाइन गेली की स्वतःही बंद होते, कारण तिची वीज तारेत गेली तर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. खेडेगावात वादळी पावसात झाड तारेवर पडलं की गच्चीवर पॅनल असूनही घरात अंधार आणि बंद एसी. त्या रात्री फक्त वारा आणि छप्पर कामाला येतात.

‘पण आपल्याकडे घामटा एवढा की एसीशिवाय चालतच नाही’ हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. उष्ण-दमट हवेत जाड भिंतींनी गारवा धरून ठेवण्याची राजस्थानी युक्ती फारशी लागू पडत नाही. अंगावरून हवा वाहिली तरच घाम सुकतो. म्हणूनच इको निवास संहितेनेही उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान सहाव्या हिश्शाएवढं मागितलं आहे. उष्ण-कोरड्या भागासाठी हे प्रमाण दहा टक्केच आहे. आणि हवा वाहती ठेवण्यात उताराचा हात कोणी धरू शकत नाही. दिवसा उताराची जमीन तापते तशी हवा उतार चढते, रात्री थंड होऊन उतरते. सहा मीटर रुंदीच्या घरात वरच्या आणि खालच्या भिंतीला समोरासमोर खिडक्या ठेवल्या की ही हवा आरपार जाते. चौकोनी घरात मधल्या खोलीला ती मिळत नाही, आणि सपाट करून मागे उभ्या केलेल्या संरक्षक भिंतीआड तर मिळतच नाही; तिथे ओल आणि डास मिळतात. ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर अशा खोलीत वर्षातल्या बहुतेक रात्री निघतात. मेमध्ये एका खोलीला एसी ठेवा, पाप नाही. घरच एसीच्या भरवशावर बांधू नका.

प्लॉटवाल्यांवर एवढं बोलल्यावर दुसऱ्या बाजूलाही सोडता येणार नाही. हल्ली ‘मूळ पद्धतीचं’ घर बांधण्याची हौस वाढली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा जांभा चिरा शेकडो किलोमीटर ट्रकने बदलापुरात आणायचा, कर्नाटकातून जुने खांब आणायचे, आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं. आपल्या पायाखाली काळा दगड आहे. जोत्यासाठी तोच वापरावा. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर इथल्याच दगडात उभं आहे. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती ठाकूर-कातकरी वस्त्यांत शोभतात, कारण तिथे राहणारं कुटुंब दरवर्षी त्या हाताने दुरुस्त करतं. महिन्यातून दोनदा येणाऱ्या माणसाची मातीची भिंत वाळवीच खाणार. या वस्त्यांकडून घ्यायचं ते त्यांचं रूप नव्हे, काही नियम घ्यायचे: घर ओहोळाच्या वाटेत बांधायचं नाही, छपराची वळचण खाली आणायची, जोतं दगडाचं ठेवायचं. तेही डोळे मिटून नव्हे. इरशाळवाडी ठाकूर समाजाचीच वस्ती होती; जुनी वहिवाट म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे.

उरले दोन आक्षेप. पहिला वास्तुशास्त्राचा: उतार ईशान्येला हवा. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही, एवढंच सुचवतो की त्या शास्त्रातही भूपरीक्षा आधी येते आणि बांधकाम नंतर. ईशान्येचा उतार हवा असेल तर तसा प्लॉट शोधा. मलंग-माथेरान रांगेच्या आपल्या बाजूला तो सापडेलही. पश्चिमेला उतरणारा डोंगर भराव टाकून ईशान्येला झुकवायचा, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: अशा कामाला जास्त पैसे लागतात. ठेकेदार हे सांगतो तेव्हा तो फक्त घराचा चौरस फुटाचा भाव सांगत असतो. त्यात जेसीबीचे तास, दोन संरक्षक भिंती, भराव दाबणं, वॉटरप्रूफिंग आणि पाच वर्षांनी येणारी पत्र्याची शेड मिळवा, मग तुलना करा. लांबट घराला भिंत थोडी जास्त लागते, हे खरं. पण तिच्याबरोबर संरक्षक भिंती वाचतात, ते हिशोबात धरलंच जात नाही.

उलट उतार काही पैसे परतही देतो. ९० चौरस मीटर छपरावर अडीच हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे सव्वादोन लाख लिटर पाणी. घराच्या खालच्या अंगाला, पण बागेच्या वर टाकी ठेवली की बागेला पंपाची गरज नाही. वरच्या कडेला किंचित उतार दिलेला एक चर मारला की डोंगराचं पाणी घराला वळसा घालून जातं. पाणलोटाचं काम करणारी महाराष्ट्रातली गावं ‘माथा ते पायथा’ या क्रमाने काम करतात: आधी वर पाणी अडवायचं, मग खाली उतरायचं. पाच गुंठ्यांच्या प्लॉटलाही तोच क्रम लागू आहे.

म्हणून कॅम्प तीनमधल्या, आणि अंबरनाथ-बदलापूरमधल्याही, प्लॉट घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. टोकन देण्याआधी तो प्लॉट एकदा जुलैच्या मुसळधार पावसात आणि एकदा मेच्या दुपारी तीन वाजता बघा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, सावली कधी येते, हे स्वतः पाहा. सर्व्हेअरकडून अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या पातळ्यांचा नकाशा करून घ्या. घराच्या एकूण खर्चापुढे त्याची फी किरकोळ असते. उतार पाचास एक किंवा त्याहून तीव्र निघाला, किंवा वरच्या डोंगराचा पायथा कापल्याशिवाय घर बसत नसेल, तर सौदा सोडून द्या. बसत असेल तर आर्किटेक्टला पहिला प्रश्न एसीचा किंवा पॅनलचा विचारू नका. किती घनमीटर माती हलणार आहे ते विचारा. त्याचं उत्तर पन्नास-साठच्या पुढे गेलं तर नकाशा परत करा आणि नवा मागा. आणि तो नवा नकाशा हाती येईपर्यंत जेसीबीवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका.